मागच्या खोलीतल्या आठ बाटल्या

ता. ४ ऑक्टोबर

आज आलेलं सामान : काचेच्या बाटल्या आठ, भुश्यात गुंडाळलेल्या. पितळी पट्टी एक, मिलिमीटरच्या खुणांची. उष्णतामापक एक. टेबलावरचा दिवा एक. जाड पुठ्ठ्याची वही एक. सगळं प्रयोगशाळेचं, त्यामुळे आपल्याला फुकट. हातगाडीवाल्याला चाळीस ठरले होते. पायऱ्या चढायचे त्याने आणखी दहा मागितले, पाच दिले.

मागची खोली रिकामी करून हवी म्हणाले. तिथलं शिवणयंत्र, कोठ्या, जुन्या गाद्या, सगळं पुढे आणलं. आता पुढच्या खोलीत वाट काढत चालावं लागतं. लेक म्हणाली, "बाबा, बाटल्यांना स्वतंत्र खोली आणि मला अभ्यासाला पायरी?" हे म्हणाले, "तू हललीस तरी चालतं, त्या हलून चालत नाहीत."

प्रयोगशाळेत हे बावीस वर्षं मदतनीस आहेत. तिथे शेजारी रस्त्याचं काम निघालंय आणि दिवसभर जमीन थरथरते. म्हणून साहेबांनीच सांगितलं म्हणे, घरी ने, मग बघू.

ता. ६ ऑक्टोबर

आज बाटल्या भरल्या. आठही बाटल्यांत एकच पांढरं पाणी. पाण्यात इतके बारीक कण असतात की ते दिसत नाहीत, नुसतं दुधासारखं दिसतं. ह्याला कलिल म्हणतात. शाई, रंग, दूध, सगळी कलिलंच. फरक एवढाच की पहिल्या बाटलीत डिंकासारखं एक द्रव्य अजिबात नाही, आणि पुढे प्रत्येकीत थोडं थोडं जास्त, आठव्या बाटलीत सगळ्यांत जास्त. ते घातलं की कण एकमेकांना धरून बसतात.

ह्यांनी एकेक बाटली हलवून फळीवर ठेवली. पहिली आणि दुसरी दुधासारखीच राहिली. तीनपासून पुढच्या तासाभरात थिजल्या. सगळ्यांची उंची ऐंशी.

"आता हात लावायचा नाही," म्हणाले. "फडक्याने पुसायचंही नाही. दार आपटायचं नाही. एकदा धक्का बसला की तीन महिने पाण्यात."

मी विचारलं, "पण ह्यांचं व्हायचंय तरी काय?"

हसले, आणि हसता हसता खोकला आला तो बराच वेळ थांबेना. मग म्हणाले, "ते तुला सांगणार नाही. सांगितलं की तुझे डोळे तेच शोधायला लागतील. तू नुसती उंची वाचायची. सकाळी आठ, संध्याकाळी सहा. दिसेल ते लिहायचं."

"मी कशाला? तुम्ही आहात की."

ह्यांनी तोंडावरचा रुमाल घडी करून खिशात ठेवला. घडी घालण्याआधी मी पाहिला.

ता. ११ ऑक्टोबर

ह्यांना सोडून आले. गाडीने पाच तास, पुढे चढावर अर्धा तास. मोठी स्वच्छ इमारत, लांब व्हरांडा, ओळीने खाटा. दोन्ही फुप्फुसांवर डाग आहेत. डॉक्टर तरुण आहे पण नीट बोलला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, औषध आम्ही देऊ. तुम्ही एक करा. घरची कसलीही वाईट बातमी इथे येता कामा नये. ह्या दुखण्यात माणूस मनाने खचला की आमच्या हातात काही राहत नाही." मी कबूल केलं.

मी निघताना ह्यांनी दुसरं कबूल करून घेतलं. "रोजचे आकडे दर दोन दिवसांनी पत्राने पाठव. मी इथे वहीत उतरवीन आणि साहेबांना कळवीन. मला आता दुसरं काम नाही."

घरी आल्यावर प्रार्थना केली. देवाला म्हटलं, इतकी वर्षं तुझ्याकडे काही मागितलं नाही असं नाही, पण हे मोठं आहे.

ता. २० ऑक्टोबर

बाटल्या जशाच्या तशा. तीन नंबर ७९, बाकीच्या ८० किंवा अर्ध्या मिलिमीटरने कमी. आठ दिवस लिहिण्यासारखं काही नाही.

मला त्यांची सवय झाली आहे. सकाळी दिवा लावून खाली बसते, पट्टी धरते, वाचते. ह्यांनी जाण्याआधी एवढं मात्र सांगितलं होतं की त्या थिजल्यासारख्या दिसतात पण आत थांबलेलं काहीच नसतं, एकेक कण सावकाश जागा बदलत असतो. मी कितीतरी वेळ बघत बसले. मला तर भिंतीकडे बघितल्यासारखं वाटलं.

मनात एक येतं, लिहावं की नाही कळत नाही. त्या उभ्या आहेत तोवर ह्यांचंही ठीक आहे असं वाटतं. शाळेत शिकलेल्या बाईने असं मानू नये. पण वाटतं.

ता. २९ ऑक्टोबर

फार वाईट झालं.

दुपारी वन्सं आल्या होत्या. भावाची चौकशी कमी आणि माझीच जास्त. "नवरा तिकडे पडलाय आणि तू इथे बाटल्या राखत बसलीयेस? नासलेलं दूध ते, ओतून दे आणि भांडी घासून ठेव." मी म्हटलं, "वन्सं, त्यांचंच काम आहे." "त्याला बावीस वर्षं हेच वेड आहे. त्या वेडापायी बढती गेली," म्हणाल्या, आणि निघताना दार असं आपटलं की खिडकीची काच वाजली.

मी मागे धावले. तीन नंबरच्या वरच्या बाजूला एक बारीक चीर दिसत होती. बघता बघता आतून पाण्याच्या रेघा वर चढायला लागल्या आणि वर पोचल्या की फोडासारख्या फुटायच्या. सगळं पांढरं आतून ढासळलं. सव्वातीनला ७८, चारला ६१, पाचला ४४, सहाला ४०. वर स्वच्छ पाणी, खाली गाळ. तीन आठवड्यांत एक मिलिमीटर, आणि पावणेतीन तासांत निम्मी.

बाकीच्या शाबूत आहेत.

पत्र लिहायला बसले. "तीन नंबर पडली" एवढे तीन शब्द लिहायचे होते. डॉक्टरचं बोलणं आठवलं. ह्यांचा रुमाल आठवला. मी लिहिलं, "तीन नंबर ७९, फरक नाही."

देवा, हे खोटं माझ्या नावावर मांड, त्यांच्या नाही. खरे आकडे इथे लिहून ठेवले आहेत.

ता. ५ नोव्हेंबर

ह्यांचं पत्र. खोकला तसाच, भूक बरी. पुढे लिहिलंय : "तीन नंबर नीट पाहतेस ना? दिवा मागून धरून पाहा. वरच्या कडेला काही दिसतं का? अगदी काही नाही?"

किती काळजी करतात! मी लिहिलं, अगदी काही नाही, देवाच्या कृपेने सगळ्या उभ्या आहेत, तुम्ही मुळीच काळजी करू नये.

ता. ९ नोव्हेंबर

चार नंबरही पडली. ह्या वेळी दार आपटलं नाही, कोणी आलंही नव्हतं. सकाळी आठला ७८, चीर नाही. पावणेअकराला चीर. साडेबाराला ४६. मी स्वयंपाकघरात जड पातेलं खाली ठेवलं होतं, तेवढ्याने झालं की काय?

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना खरं कळव." मी म्हटलं, "तू डॉक्टर आहेस का?" ती म्हणाली, "तू तरी आहेस का?"

पत्रात : चार नंबर ७८.

ता. १८ नोव्हेंबर

घरात आम्ही आता मांजरासारख्या चालतो. धुणं आपटत नाही, नुसतं पिळते. खाली राहणारी शिंपीण विचारत होती, "वरती कोणी आजारी आहे का हो, इतकं सामसूम?" मी म्हटलं, "आहे, पण वरती नाही."

ह्यांचं पत्र लहान आहे. अक्षर उतरतं. "चारसुद्धा उभी? तारीख पुन्हा तपासून लिही. तुझ्यावर माझा विश्वास आहे, तू हिशेबात कधी चुकत नाहीस. पण पुन्हा एकदा बघ."

पुन्हा बघितलं. चाळीसवर गाळ. लिहिलं, उभी आहे.

हे वाचून त्यांना बरं वाटेल असं धरून चालले होते. मग अक्षर असं का?

ता. २२ नोव्हेंबर

पाच नंबर. दुपारी एक ते तीन. ७७ वरून ४५. आज घरात मी एकटी होते आणि खुर्चीवर बसून होते. काही पडलं नाही, कोणी चाललं नाही. मग कशाने?

पत्रात : पाच नंबर ७७.

ता. २७ नोव्हेंबर

ह्यांचं पत्र आलं ते दुसऱ्याच्या अक्षरात. सिस्टरने लिहून दिलंय. सगळं उतरवून ठेवते.

"बाटल्यांचे आकडे आता पाठवू नकोस. मी साहेबांना काल कळवलं की माझं चुकलं. त्यांचंच बरोबर होतं. बाटल्या ओतून टाक, धुऊन परत कर, तुझी खोली तुला मोकळी होईल. शिवणयंत्र जागेवर ठेव. इतके दिवस तुला उगाच वाकायला लावलं."

एवढंच. काय चुकलं ते लिहिलं नाही. सगळ्या उभ्या आहेत असं मी कळवत होते, तरी ह्यांचं चुकलं कसं?

बाटल्या ओतल्या नाहीत. हात होईना.

ता. २ डिसेंबर

आज सगळं कळलं. कळलं तेवढं लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

बाटल्या न्यायला काचवाले भावजी आले. प्रयोगशाळेत काचेची नळकांडी फुंकून करतात ते, ह्यांचे जुने मित्र. बोलण्यात गमत्या माणूस. "वहिनी, सासरची माणसं न्यायला आलीयेत, पाठवणी करा," म्हणत मागच्या खोलीत गेले आणि फळीपुढे वाकून एकेक बाटली बघू लागले.

"वहिनी, ह्या पडल्या कधी?"

मी म्हटलं, "भावजी, माझी चूक झाली. दार आपटलं, आणि नंतरचं कशाने झालं कळत नाही."

"कधी पडल्या ते विचारतोय."

मी तारखा सांगितल्या. ते पुढच्या खोलीत येऊन शिवणयंत्राच्या स्टुलावर बसले. खिशातून एक फोडलेलं पाकीट काढलं. ह्यांनी बाटल्या घरी आणण्याआधी ते साहेबांकडे बंद करून दिलं होतं. ह्यांचं माघारीचं पत्र आल्यावर साहेबांनी परवा ते फोडलं, वाचलं, आणि "हे आता टाकून दे" म्हणून भावजींच्या हातात दिलं. आत ह्यांच्या अक्षरात चार ओळी :

तीन : ३० ऑक्टोबर. चार : ९ नोव्हेंबर. पाच : २३ नोव्हेंबर. सहा : १३ डिसेंबर. त्याखाली : सात आणि आठ ह्या वर्षी पडणार नाहीत.

भावजी म्हणाले, "अहो, पडायच्याच होत्या त्या. कोणी हात लावला नाही तरी पडतात, ठरल्या वेळी पडतात, हेच तर तो इतकी वर्षं सांगत होता. महिनाभर काही होत नाही आणि एका दुपारी सगळं ढासळतं. साहेब म्हणायचे, रस्त्यावरच्या गाड्यांनी हलतं म्हणून पडतं. म्हणून तर घरी आणल्या. आणि तुम्ही त्याला काय कळवलंत?"

मी सांगितलं काय कळवलं ते.

भावजींनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "तो बिचारा रोज टपालाची वाट बघत असणार. आज पडली असेल, आज पडली असेल. आणि तुमचं पत्र, देवाच्या कृपेने उभी आहे."

लगेच बसून सगळं खरं लिहिलं, तास-मिनिटांसकट, आणि टपालात टाकून आले.

ता. ४ डिसेंबर

भावजी माझे आकडे घेऊन साहेबांकडे गेले होते. साहेब म्हणाले, "एकाच बाईंच्या दोन नोंदी. एकीत बाटल्या उभ्या, दुसरीत पडलेल्या. पाकीट फोडून झालं आणि मग दुसरी नोंद निघाली. मी कोणती खरी धरू?"

बोलणं कठोर आहे, पण त्यात खोट कुठे आहे? मीही दुकानदाराला हेच विचारलं असतं.

आता उरली सहा नंबर. तिच्यापुढे साक्षीदार बसला तर साहेब मानतील. भावजींनी रजा टाकली आहे. रोज सकाळी येतात, मी उंची वाचते, तेही वाचतात, दोघांच्या सह्या. "लग्नात सुद्धा इतक्या सह्या केल्या नव्हत्या," म्हणतात.

ता. ८ डिसेंबर

आज सिस्टरचं कार्ड आलं. "आपले पत्र वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते, काही बोलले नाहीत. त्यांना बागेकडच्या शेवटच्या खोलीत हलवले आहे. आपल्याला भेटीच्या वेळेचे बंधन आता नाही, केव्हाही यावे."

बरं झालं. त्या व्हरांड्यात रात्रभर खोकणाऱ्यांचा आवाज असतो असं ह्यांनी लिहिलं होतं, आता एकट्याला निवांत झोप मिळेल. आणि भेटीची वेळ तिथे किती कडक होती! मी सोडायला गेले तेव्हा पाच मिनिटं जास्त झाली तर घंटा वाजवली. सिस्टर मनाने चांगली दिसते.

पण काही बोलले नाहीत हे मनाला लागलं. विचार करता करता लक्षात आलं. त्यांनी हार मानली असं कळवल्यावर बायकोचं पत्र येतं की तुमचंच बरोबर होतं, बाटल्या पडल्या. कोण विश्वास ठेवील? त्यांना वाटलं असेल की मी आता त्यांना बरं वाटावं म्हणून खोटं लिहिते आहे.

लेक कार्ड वाचून आतल्या खोलीत गेली. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बाहेर आली आणि म्हणाली, "आई, आजच्या गाडीने जा." भावजीही म्हणाले, "वहिनी, तुम्ही जा. बाटलीकडे मी बघतो."

मी म्हटलं, "खोटं मी लिहिलं. खरं पाहिलंही मीच पाहिजे. रिकाम्या हाताने जाऊन काय सांगू? पाच दिवसांचा प्रश्न आहे." दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लेक म्हणाली, "मग मी जाते," आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीसुद्धा. तिला ह्यांची लोकरी बंडी दिली. तिकडे थंडी फार आहे.

ता. १० डिसेंबर

सहा नंबर ७७. दोन सह्या.

लेकीचं काही कळलं नाही.

ता. १२ डिसेंबर

सकाळी आठला ७६, चीर नाही. भावजी चहा घेत होते. नऊ वाजून वीस मिनिटांनी मला वरच्या कडेला केसासारखी रेघ दिसली. भावजींना हाक मारली. दोघं फळीपुढे खाली बसलो. दहाला ७१. पाण्याच्या रेघा चढायला लागल्या. साडेदहाला ५८. अकराला ४७. भावजी दर पाच मिनिटांनी मोठ्याने आकडा सांगत होते आणि मी लिहीत होते. साडेअकराला ४३ वर थांबली. आम्ही कोणी जागचे हललो नव्हतो.

भावजींनी डोळे पुसले. मग म्हणाले, "वहिनी, एक सुचवू? पाकिटात तेरा तारीख आहे. साहेब खुसपट काढणारा माणूस. उद्या सकाळची वेळ घालू या. माझी सही आहेच. एका दिवसाने कोणाचं काय जातं? आणि तिकडे त्याला कळलं की बरोबर तेरालाच पडली, तर..."

मी म्हटलं, "नको भावजी. एक दिवस काय किंवा एक मिलिमीटर काय, आता माझ्या हातून नको."

पत्र लिहिलं. त्याची नक्कल इथे ठेवते.

"सप्रेम नमस्कार. सहा नंबर आज, बारा तारखेला, सकाळी नऊ वीसला चिरली आणि साडेअकरापर्यंत पडली. आकडे सोबतच्या कागदावर आहेत, खाली भावजींची सही आहे, त्यांचं अक्षर तुम्ही ओळखता. तुम्ही तेरा लिहिली होती. तेरा लिहून पाठवली असती तर तुम्हाला जास्त बरं वाटलं असतं, म्हणूनच लिहिली नाही. तीन, चार आणि पाचबद्दल आधीच्या पत्रात लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. त्यापूर्वी लिहिलं ते खोटं होतं आणि ते मी एकटीने केलं, लेकीचा त्यात काही दोष नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं. भावजी दुपारीच कागद घेऊन साहेबांकडे जाताहेत. सात आणि आठ उभ्या आहेत. त्यांची सोय लावून मी सोमवारच्या गाडीने निघते. शेवटच्या खोलीत ऊन येतं का ते लेकीने कळवलं नाही. तुम्हाला लिहवत नसेल तर सिस्टरला किंवा लेकीला सांगा, एकच ओळ पुरे, ह्या वेळी माझं पटलं की नाही तेवढीच. उलट टपाली कळवावं."